सफेदी धरलेलं टेबल

एप्रिल अर्धा सरला की आमच्या नंदनवनच्या गल्लीत पत्रे खडखडू लागतात. गच्चीवरून, जिन्याखालून, संडासामागच्या बोळातून कूलर बाहेर निघतात. कुणी गंज खरवडतो, कुणी मोटरला तेल देतो, कुणी मागच्या सालचा वाळलेला वाळा उपसून नवा भरतो. मग पहिल्या पाण्याबरोबर तो वास येतो. अख्खं नागपूर त्या वासावर जीव टाकतं. मी मात्र उठून मागच्या अंगणात जाऊन बसते. सून म्हणते, "आई, तुमचं काही तरी वेगळंच असते." असू दे. सासू आहे मी, एवढं वेगळं असायचा हक्क आहे मला.

वाळ्याचा तसा काही दोष नाही. जे झालं ते मी आणि बाबांनी मिळून केलं, समोरासमोर बसून, एकमेकांशी एक शब्द न बोलता. ते साल अठ्ठ्याहत्तर. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि आता दोन महिने पंख्याखाली लोळून कादंबऱ्या वाचायच्या असा माझा बेत होता. मायनं तो पहिल्याच सकाळी उधळला. तिनं दोन डबे भरले, एक बाबांचा आणि एक माझा.

"आठ दिवस बाबासंग कामावर जात जा," ती म्हणाली.

"काहून?"

"काहून ते विचारू नको."

मी तेव्हाही तोंडाळच होते. पुन्हा विचारलं. तर ती डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "विचारू नको म्हटलं ना वं!" आणि तिनं तोंड फिरवलं. मायनं रागावून तोंड फिरवलं असतं तर मी भांडले असते. तशी ती रागावलेली दिसेना, म्हणून मी मुकाट्यानं चप्पल घातली.

बाबा पॉलिश मिस्त्री होते. आमचं मूळ घर उमरेडकडचं, विणकरांचं. दिवसभर मागाचा खटखटाट ऐकून डोकं उठतं म्हणून बाबा तरुणपणीच एस.टी.त बसून नागपूरला आले आणि एका सुताराच्या हाताखाली फ्रेंच पॉलिश शिकले. सीताबर्डीच्या कापडदुकानांतले काउंटर, सिव्हिल लाइन्समधल्या साहेबलोकांची कपाटं, दवाखान्यांतली बाकं, सगळीकडे त्यांचा हात फिरलेला. कुणाच्या लग्नाला गेले तरी त्यांना नवरा-नवरी नंतर दिसत, आधी मंडपातल्या खुर्च्या दिसत. "काय भंगार पॉलिश मारलं आहे गा," असं ते नवरदेवाच्या मामाला तोंडावर सांगत, आणि माय पदरानं तोंड झाके.

आजच्या पोरांना पॉलिश म्हटलं की बूट आठवतो. फ्रेंच पॉलिश ही फार मानी गोष्ट आहे. झाडावरच्या लाखेची चपडी करतात, तिचे काचेसारखे पातळ तुकडे. ते स्पिरिटमध्ये भिजवले की मधाच्या रंगाचं पाणी होतं. कापसाचा गोळा घ्यायचा, त्यावर मलमलीचं जुनं फडकं घट्ट पिळायचं, ही झाली पुरचुंडी. तिला ते पॉलिश पाजायचं, वर जवसाच्या तेलाचं एक बोट लावायचं आणि लाकडावर गोल गोल फिरवायची. पहिल्या हातात काही म्हणता काही दिसत नाही. दहाव्या हातातही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधी तरी लाकूड आतून उजळायला लागतं.

एक अट मात्र पाळावी लागते. पुरचुंडी लाकडावर थांबवायची नाही. ती चालत यायला हवी आणि चालतच उठायला हवी. मध्येच थांबली की खालचं ओलं पॉलिश तिला चिकटतं आणि भाजलेल्या कातडीसारखं सोलून निघतं. म्हणून बाबांचा कायदा होता. पुरचुंडी फिरत असताना कुणी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, हाकही मारायची नाही. "ध्यान फाटलं का पॉलिश फाटते," असं ते म्हणत. घरी मी लहानपणापासून पाट, स्टूल, देव्हारा नसलेल्या आमच्या घरातलं बुद्धाच्या मूर्तीखालचं लाकडी फळकूट, सगळ्यावर हात चालवला होता, आणि या कायद्यापायी पाठीत धपाटेही खाल्ले होते. तो कायदा माझ्या हाडात मुरला होता. तो मुरला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

काम एका वकीलसाहेबांच्या बंगल्यावर होतं. त्यांच्या मुलीचा साखरपुडा रविवारी ठरला होता. व्याही पुण्याचे, आणि त्यांचं जेवण बंगल्यातल्या शिसवी टेबलावर व्हायचं होतं. बारा माणसं बसतील एवढं ते टेबल, वकीलसाहेबांच्या वडिलांनी करवून घेतलेलं. बाबांनीच पूर्वी दोनदा ते उजळलं होतं. आता त्यावर गरम भांड्यांची पांढरी कडी उमटली होती, स्टीलच्या ताटांचे ओरखडे होते, एका कोपऱ्यात कुण्या लेकरानं कर्कटकानं कोरलेली रेघ होती. वरची चमक मेली होती. वकीलीणबाई हात चोळत म्हणाल्या, "मिस्त्री, होईल ना हो रविवारपर्यंत? पुण्याची माणसं आहेत, बारीक नजरेची."

"काहून नाही होणार बाई," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावरून दोन्ही तळवे फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "ओरखडे वरवरचे आहेत. लाकडाले लागलं नाही."

बाई कौतुकानं म्हणाल्या, काय ही माणसाची बोटं! मलाही तेव्हा कौतुकच वाटलं. डोळे मिटून ते का बघून राहिले, हा प्रश्न माझ्यासारख्या शहाणीला पडला नाही.

पहिले तीन दिवस घासण्यात गेले. टरपेंटाइनच्या बोळ्यानं वर्षानुवर्षांचं मेण आणि तूप काढलं. मग वापरून वापरून मऊ झालेला काचपेपर जवसाच्या तेलात बुडवून ओरखड्यांवरून अलगद फिरवला, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. ओरखडा काही पुसून टाकायचा नसतो. त्याच्या दोन्ही कडा मवाळ करायच्या असतात, म्हणजे उजेड तिथं अडखळत नाही आणि नवं पॉलिश खाचेत उतरून बसतं. पांढऱ्या कड्यांना गोवरीची राख, तीही मलमलीतून गाळलेली, तेलात कालवून बोटानं चोळली. कडी एकेक करून गेली. बाबा म्हणत, जुनं पॉलिश खरवडून काढणारा तो हमाल. मिस्त्री तो, जो जुन्यातच नवं मुरवतो. हे वाक्य मी पुढे शाळेत पंचवीस वर्षं पोरांचे निबंध तपासताना मनाशी म्हटलं आहे.

त्या तीन दिवसांत मला एकेक दिसू लागलं. बाबा कायम खिडकीकडे पाठ करून बसत. उजेड तोंडावर आला की डोळ्यांवर आडवा हात धरत. चहा आला की आधी बोट लावून कप कुठे आहे ते बघत. सायकलवरून जाताना समोरून कुणीही आलं की हे आधीच ओरडत, "काय गा, बरं आहे का?" म्हणजे त्या माणसानं उत्तर द्यावं आणि आवाजावरून तो कोण ते कळावं. घरून निघताना माय म्हणायची, "सुमन, सायकल तू चालव. बाबाचा पाय दुखून राहिला." पाय? पाय तर ठणठणीत होते. त्या तिसऱ्या दिवशी मला मायचे दोन डबे समजले, आणि मला रडू आलं, आणि रडूपेक्षा जास्त राग आला. घरात तीन माणसं आणि तिघांनाही ठाऊक, तरी कुणी तोंड उघडत नाही!

मोतीबिंदू म्हणजे आज काय, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तेव्हा तसं नव्हतं. आमच्या एका चुलत आजोबांचा डोळा ऑपरेशननंतर पिकला आणि गेला. ते बाबांनी जवळून पाहिलं होतं. त्यात पुन्हा हा धंदा. पॉलिशवाल्याच्या डोळ्यात दोष आहे अशी कुजबूज झाली की संपलंच, सुताराला दोन बोटं कमी असली तर चालतात एक वेळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांनी ती मूठ घट्ट धरून ठेवली होती, आणि हे टेबल जर नीट उतरलं नाही तर ती बारा पानांच्या पंगतीत उघडी पडणार होती.

चौथ्या दिवशी पॉलिशला हात घातला. दुपारपर्यंत शिसवाच्या काळ्या-तांबड्या रेषा वर यायला लागल्या. ऊन असं तापलेलं की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसे. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. वकीलीणबाई पन्हं घेऊन आल्या, त्यांनी आमचा अवतार बघितला आणि त्यांचा जीव कळवळला.

"अहो, असे उकडून मराल! सुमन, तो पडदा ओढ बरं. मी कूलर लावून देते."

दिवाणखान्यातल्या खिडकीला त्यांचा नवा कूलर होता, कपाटाएवढा. तो सुरू झाला. पडदे ओढलेले, खोलीत संधिप्रकाश, वाळ्याचा गार ओला वारा. मी मनात म्हटलं, बाई, देव तुमचं भलं करो. बाबांनी तोंड वर करून वारा घेतला आणि एक मोठा श्वास सोडला. मग पुरचुंडी पुन्हा फिरू लागली.

आता कुणीही मिस्त्री सांगेल, पावसाळ्यात पॉलिशचं काम धरत नाहीत. हवेतली ओल ओल्या पॉलिशमध्ये शिरते आणि वर साय धरल्यासारखी सफेदी येते. बाबांनी तीस वर्षं आषाढ-श्रावणात मोठं काम घेतलं नव्हतं. पण हा तर मे महिना, नागपूरचा. लाकूड तडकेल एवढा कोरडा. ओल येणार कुठून? आम्ही दोघं पावसाळाच खोलीत लावून त्याच्यासमोर बसलो होतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी टेबलावरची चादर काढली आणि बघतच राहिले. कूलरच्या बाजूचं अर्धं टेबल धुरकट झालं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते, टक लावून, बराच वेळ. मग त्यांनी पुरचुंडी भरली आणि त्याच धुरकटपणावर नवा हात सुरू केला. मला वाटलं, हा टप्पा असेल. मोठ्या टेबलांना येत असेल असं. बाबांना माहीत नाही असं होईल का? आणि पुरचुंडी लाकडावर होती, म्हणजे विचारायचं नव्हतं. ती उठली तेव्हाही मी विचारलं नाही. खरं सांगू का, मला त्यांना "दिसतंय का?" असं विचारायचंच नव्हतं. त्या प्रश्नाला मी भीत होते.

सहाव्या दिवशी सफेदी सगळ्या टेबलावर पसरली. बाबा हात वाढवत गेले. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. डबा अर्धा तसाच परत गेला. मध्येच ते थांबायचे, डोळे चोळायचे, पाण्याचा हबका मारायचे आणि पुन्हा बसायचे. मी बाजूला फडकी पिळत होते आणि मनात नुसता आरडाओरडा चालू होता, बाबा, काही तरी बोला ना! तेवढ्यात वकीलीणबाई आत आल्या. त्या वाकल्या, त्यांनी पदरानं टेबलाचा कोपरा पुसून पाहिला.

"मिस्त्री, हे असं दुधासारखं का हो दिसून राहिलं?"

बाबांची पुरचुंडी चालत चालत टेबलाच्या कडेवरून उतरली. "वाळलं का जाईन जी," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

"जाईल ना? परवा माणसं येऊन राहिलीत हो."

"जाईन."

बाई गेल्या. बाबा तसेच उभे राहिले, हातात पुरचुंडी, पाठ माझ्याकडे. मग त्यांनी कायदा मोडल्यासारखं हळूच विचारलं, "सुमन, बाई काय म्हणून राहिल्या? दुधासारखं?"

"हो बाबा."

"ते सफेद... तुले बी दिसून राहिलं?"

"काल सकाळपासून दिसून राहिलं. सगळ्या टेबलावर आहे."

बाबा वळले आणि हसले. खरंच सांगते, हसले! तोंडभर. "म्हणजे डोळ्यात नाही ते! टेबलावरच आहे! आता गं माय... मले वाटलं, गेलं सारं. दोन दिवस झाले, मले वाटून राहिलं का डोळ्यावरच आणखी पडदा आला. म्हणून म्या हात वाढवत नेला, म्हटलं आपल्याले दिसत नाही, टेबल तं चांगलंच असंन." ते स्टुलावर बसले. हसू हळूहळू ओसरलं. त्यांची नजर कूलरकडे गेली, त्याच्या आवाजाकडे म्हणा. दोन दिवस ओलीवर पॉलिश, पॉलिशवर ओल, असे थरावर थर आम्ही चढवले होते. मधे उरली होती शुक्रवारची अर्धी दुपार आणि एक शनिवार.

"तू काहून नाही बोलली वं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तं म्हणता, बोलायचं नाही."

माझं उत्तर मलाच आवडलं नाही. बापाला आंधळं म्हणायचं नाही म्हणून मी गप्प बसले होते, आणि नाव कायद्याचं घेत होते.

मी तडक गेले आणि कूलरचं बटण खटकन बंद केलं. बाई धावत आल्या. माझा तोल सुटलेला. म्हटलं, "तुमच्या या कूलरनं सारं टेबल बिघडलं!" त्यांचा चेहरा पडला. "अगं, मी तर तुमच्याचसाठी लावला होता..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीचा साखरपुडा आणि टेबलाची ही दशा. वरून मिस्त्रीची पोरगी अंगावर येते! बाबा भिंतीला धरत मागून आले.

"बाई, तिचं मनावर नका घेऊ. चूक माही आहे," ते म्हणाले. "माह्या डोळ्याले गार वाटून राहिलं, म्हणून म्या चालू दिला. मले समजायले पायजे होतं." मग ते माझ्याकडे वळले. "खिडक्या उघड सगळ्या."

लू आत आली. भट्टीचं दार उघडावं तशी. बाबांना हवी होती तीच, हाडं वाळवणारी हवा. पण लूबरोबर धूळ येते, आणि ओल्या पॉलिशवर धूळ बसली तर काम मातीत. आता काय करायचं म्हणून मी उभी, तर वकीलीणबाई आत गेल्या आणि आपल्या दोन व्हॉइलच्या साड्या घेऊन आल्या. कोरड्या साड्या खिडक्यांवर ताणल्या. एका खिडकीला खिळा सापडेना, तर बाई स्वतः स्टुलावर चढून दोन्ही हातांनी साडी धरून उभ्या राहिल्या. वाऱ्यानं ती त्यांच्या तोंडावर येई. त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला आणि मी जे बोलले त्याची लाज वाटली.

सफेदी काढायचा उपाय एकच. नवी पुरचुंडी घ्यायची, तिला नुसतं स्पिरिट दाखवायचं, थेंब दोन थेंब, आणि सफेदीवरून वाऱ्यासारखी नेऊन उचलायची. स्पिरिट जाता जाता आतली ओल घेऊन उडून जातं. जरा जास्त ओलं झालं तर स्पिरिट सगळं पॉलिशच विरघळवतं आणि खाली शिसवापर्यंत भगदाड पडतं. सफेदी कुठे गेली, कुठे राहिली, हे डोळ्यानं बघत बघत करायचं काम. बाबांनी पुरचुंडी पिळली, गालाला लावली, पुन्हा पिळली आणि माझ्यासमोर धरली.

"घे."

"मी? बाबा, हे माझं काम नाही."

"माहं तं बिलकूलच नाही," ते म्हणाले. "घे वं. गालाले लाव. थंड लागली का जास्त ओली समजायची."

मी उभी राहिले. पुरचुंडी गालाला लावली. बाबा बाजूला डोळे मिटून उभे राहिले, त्यांचा एक तळवा माझ्या कोपराखाली. "मी आवाज ऐकतो," ते म्हणाले. "तू पाह्य."

कोरडी पुरचुंडी लाकडावर कुजबुजल्यासारखा आवाज करते. ओली पुरचुंडी मुकी असते. हे मला त्या दिवशी कळलं. आवाज मुका झाला की बाबांचा तळवा माझं कोपर वर उचले, मी पुरचुंडी उठवे. पुन्हा पिळायची, पुन्हा गालाला. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. दुसऱ्यात नाही. चौथ्या वेळी एका वीतभर जागेतली सफेदी विरली आणि खालून काळी-तांबडी रेघ वर आली. मी ओरडणार होते, पण पुरचुंडी लाकडावर होती. कोपऱ्यात एका ठिकाणी माझा हात जड पडला, आवाज मेला, आणि बाबांनी असा झटका देऊन कोपर उचललं की खांदा दुखला. मी वाकून पाहिलं. सोललं नव्हतं. जरा ओढ बसली होती, तेवढंच. असं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणि शनिवारी सकाळी सातपासून. विरघळलेल्या लाखेनं माझ्या उजव्या हाताची नखं लाल झाली आणि पुढे कॉलेज उघडेपर्यंत तशीच राहिली. मैत्रिणी विचारत, मेंदी कसली गं? मी सांगत असे, मामेबहिणीच्या लग्नाची. काय लपवत होते, कुणास ठाऊक.

हल्ली घरात सनमायकाचं टेबल आहे. नातवानं त्यावर पट्टीनं रेघ ओढली, तर मुलगा म्हणाला, जाऊ दे, दुसरं आणू. बरोबरच आहे त्याचं. त्या टेबलात मुरवण्यासारखं काही नसतंच. पण त्या रेघेवरून माझं बोट उगाच फिरत राहतं. कडा अजून धारदार आहेत. मला वाटतं, माणसामाणसांतसुद्धा पुष्कळ ओरखडे असे वरवरचे असतात, लाकडाला न लागलेले. वेळेवर दोन शब्द तेलात बुडवून फिरवले असते तर उजेडाला अडखळायचं कारण नव्हतं. आमच्या घरात ते शब्द सगळ्यांनी फार जपून ठेवले. बाबांचं ऑपरेशन त्या वर्षी थंडीत झालं, डोळा वाचला, जाड भिंगाचा चष्मा लागला. ज्याची भीती धरून आम्ही सगळे मुके झालो होतो, ते आठवडाभरात उरकलं. याचा मला आजही राग येतो, आणि तो राग कुणावर काढावा हे कळत नाही.

त्या शनिवारी उन्हं कलली तेव्हा टेबल झालं. वकीलसाहेब कोर्टातल्या कुण्या मित्राकडून आले होते. त्यांनी खिडकीवरची साडी स्वतः बाजूला केली. तिरपं ऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं, कुठेही न अडता. साहेब टेबलाभोवती एक चक्कर मारून आले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही. ऐका, माझ्या भावाचा रामदासपेठेतला बंगला आहे. सगळं जुनं सागवानी फर्निचर. जूनपासून लागा कामाला. वर्षभराचं काम आहे, मी शब्द टाकतो."

वर्षभराचं काम! बाबांनी हो म्हणायचा अवकाश, मूठ झाकलेलीच राहणार होती. आणि मग जूनपासून रोज त्यांच्या कोपराजवळ कोण उभं राहणार, हेही मला लख्ख दिसत होतं. म्हणजे माझं बी.ए.चं तिसरं वर्ष गेलंच. मी खोटं का सांगू? बाबांनी हो म्हणू नये असं मला वाटलं. आणि ते नाही म्हणाले तर त्यांच्यापाशी उरणार काय? मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढून घडी केली. "साहेब, हा हात माहा नाही जी. पोरीचा आहे."

"म्हणजे?"

"मले दिसत नाही आता. दोन वर्षं झाले. पॉलिश बिघडलं ते म्या बिघडवलं, अन् निस्तरलं ते इनं."

वकीलीणबाई मध्येच म्हणाल्या, "अहो मिस्त्री, असं काय बोलता..." आणि थांबल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या लाल नखांकडे पाहिलं. ते चांगले होते, मनापासून म्हणाले, "मग काय हरकत आहे? मुलीला सोबत आणा. दोघं मिळून करा."

"नाही जी," बाबा म्हणाले. "तिचं तिसरं वर्ष आहे."

एवढंच. तीस वर्षांचा धंदा त्यांनी त्या दोन शब्दांत खाली ठेवला. साहेब काही तरी समजावत होते, मला ऐकू येत नव्हतं. बाबांनी डबे, बाटल्या, फडकी पिशवीत भरली, एकेक चाचपून. मग ते टेबलापाशी आले आणि मला हाक मारली.

"सुमन, इकडं ये वं. पाह्य बरं, मी दिसून राहिलो का यात?"

ते टेबलावर वाकले. मी बाजूनं वाकले. शिसवाच्या काळ्या तळातून बाबा वर बघत होते. कपाळावरच्या आठ्या, पिकलेली मिशी, बौद्ध झाल्यावर ताईत काढून टाकला तेव्हापासूनचा मोकळा गळा, सगळं स्वच्छ.

"दिसून राहिले बाबा."

"साफ?"

"साफ. मिशीचा एकेक केस दिसून राहिला."

ते तसेच वाकून राहिले, जणू जरा वेळानं त्यांनाही दिसेल. त्यांच्या कपाळावरचा घामाचा एक थेंब टेबलावर पडला. त्यांना तो पडल्याचं कळलं. त्यांनी घाईघाईनं सदऱ्याची बाही ओढून तो पुसला, अगदी हळुवार, गोल गोल, थेंबापासून चार बोटं बाजूला. मग "झालं," असं म्हणून ते पिशवी घेऊन दाराकडे गेले. ते उंबरा ओलांडेपर्यंत मी थांबले, आणि मग पदरानं तो थेंब टिपला.